आलेखावरचा चौथा ठिपका

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. फेब्रुवारी संपत आला की आमच्या मयूर विहारच्या सोसायटीतल्या सगळ्या बायका पोत्याने मटार आणतात आणि वर्षभराची बेगमी करून ठेवतात. सकाळचे साडेआठ वाजले असतील. "मंगल, ये गं," एवढंच वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्यामुळे खरं सांगायचं तर मी ताबडतोब उठलेसुद्धा नाही, परातीतल्या आणखी चार-पाच शेंगा सोलल्या, हात पुसले आणि मग समोरच्या ब्लॉकमध्ये गेले. दार उघडंच होतं. दादा बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, शेजारच्या स्टुलावर चहा, त्यावर साय धरलेली. वहिनी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांत मोजे चढवत होत्या. "पाय गार पडलेत," त्या मला म्हणाल्या. मी मनगटाला हात लावला... आणि मग वहिनींना मोजे चढवू दिले.

शांतवन साळवे. वय सदुसष्ट. मूळचे नगरचे, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी तरुणपणी दिल्लीला आले आणि इथलेच झाले. एकोणीस वर्षं ते माझे वरिष्ठ होते आणि त्याहून जास्त वर्षं शेजारी. ऑफिसात मी त्यांना साहेब म्हणायची आणि ते मला 'कुलकर्णी मॅडम'. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरचा जिना चढला की साहेबांचे दादा व्हायचे आणि मॅडमची मंगल. दर भाऊबीजेला ते ओवाळून घ्यायला यायचे आणि दर नाताळाला त्यांच्याकडून करंज्यांचा डबा आमच्याकडे यायचा. यात कुणी काही विशेष करतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. दमून गेले होते, हे एक कारण. दुसरं कारण असं, की दादांवर लिहायचं तर मला एका रक्ततपासणीबद्दल लिहावं लागणार होतं. ती तपासणी नव्या ठिकाणी करून घ्या, असं त्यांना मी सांगितलं होतं. तिचा निकाल मी आणला, मी वाचून दाखवला, आणि त्यात काहीतरी खटकत असूनही मी गप्प बसले. त्यामुळे त्यांच्या उपचाराचे तीन आठवडे फुकट गेले. ते तीन आठवडे मिळाले असते तर दादा आज असते का, हा प्रश्न मला सात आठवडे रोज पडत होता आणि ज्यांना तो विचारायला हवा होता त्या वहिनींसमोर मी रोज हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

आमचं खातं किमतींचे आकडे गोळा करणारं. साधारण घरात महिनाभर काय काय खरेदी होतं त्याची एक यादी असते, त्या यादीतल्या वस्तूंचे भाव ठरलेल्या दुकानांतून नोंदवायचे आणि महागाई किती वाढली ते शेवटी एका आकड्यात सांगायचं. त्या आकड्याला निर्देशांक म्हणतात. मी बाविसाव्या वर्षी तिथे लागले तेव्हा दादांनी मला पहिल्या दिवशी जे सांगितलं ते पुढे नोकरीभर ऐकलं, "तेच दुकान, तोच वार, तीच प्रत." भाव नोंदवणाऱ्याने आज या दुकानात, उद्या त्या दुकानात जायचं नाही. जवळ पडतं म्हणून तर मुळीच नाही. एक्क्याण्णवनंतर बाजारात नवनव्या वस्तूंची नुसती झुंबड उडाली, तेव्हा या नियमाचं मोल मला कळलं. एका साबणाचा भाव सहा महिने हलला नव्हता आणि आम्ही सगळे खुशीत होतो. दादांनी जुनी वडी आणि नवी वडी टेबलावर मागवली, ऑफिसच्या टपाल विभागातून तराजू आणवला आणि दोन्ही तोलल्या. वेष्टन तेच, नाव तेच, वडी मात्र चांगलीच हलकी झाली होती. "अच्छा," ते म्हणाले, "म्हणजे साबण महाग झालाय आणि आपल्याला पत्ता नाही." मग मला म्हणाले, "मॅडम, वेष्टनावरचं नाव वाचून भाव लिहायचा नसतो."

दुसरा त्यांचा हट्ट रेघेचा. यादी जुनी झाली की सरकार नवी यादी करतं आणि नव्या आधारवर्षाला शंभर धरून मोजणी पुन्हा सुरू होते. त्यामुळे काल जो आकडा चारशेच्या घरात होता तो आज एकदम शंभराच्या आसपास दिसतो. महागाई उतरलेली नसते, मोजपट्टी बदललेली असते. अशा ठिकाणी जुन्या आणि नव्या आकड्यांमध्ये लाल शाईने रेघ मारायची, म्हणजे कुणी ते शेजारी ठेवून तुलना करणार नाही, अशी पद्धत. एकदा मी रेघ न मारता तक्ता पुढे पाठवला. दादांनी तो सगळ्या सेक्शनसमोर माझ्या टेबलावर आणून ठेवला. "रेघ कुठाय?" मी म्हटलं, "साहेब, खाली तळटीप दिलीय." "तळटीप कोण वाचतं? रेघ दिसते." मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण पुन्हा कधी माझी रेघ राहिली नाही... ऑफिसात तरी नाही.

मृत्यूनंतर माणसाला देवमाणूस करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. दादांना ती आवडली नसती आणि मलाही ती जमणार नाही. ते कौतुकाच्या बाबतीत कमालीचे कद्रू होते. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी एका वर्षी 'चांगले' असं लिहिलं. 'अतिशय चांगले' लिहिलं असतं तर माझी बढती वर्षभर आधी झाली असती. मी जाऊन भांडले. ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यांना उत्कृष्ट लिहून टाकलं की त्या शब्दात काय उरतं? चांगलं काम केलंस, चांगलं लिहिलं." त्या वर्षी भाऊबीजेला मी ओवाळलं नाही. ते आले, अर्धा तास बसले, माझ्या यजमानांशी क्रिकेटबद्दल बोलले, चहा घेतला आणि गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले. तेव्हा मी मुकाट्याने तबक आणलं. आम्ही दोघांनीही तो विषय परत काढला नाही.

मयूर विहारला आम्ही एकाच सहकारी सोसायटीत नाव घातलं होतं. फ्लॅट हातात यायला इतकी वर्षं लागली, की आर. के. पुरममधली आमची मुलं तोवर कॉलेजात गेली. यमुनेपलीकडे तेव्हा कुणी जायला तयार नसे. वाळू, डास, दिवसाकाठी चार बसेस. दादा मात्र पहिल्याच हिवाळ्यात राहायला आले आणि गच्चीवरून दुर्बिणीने बघितल्यासारखे हात डोळ्यांशी धरून म्हणाले, "बघ मंगल, दहा वर्षांत इथे सगळं येईल." आलं खरं. नोएडाचे मॉल आले, उड्डाणपूल आले, आणि मग मेट्रोच्या खांबांसाठी रस्ते खणायला सुरुवात झाली. मुलं तेवढी गेली. आमचा मुलगा अमेरिकेत, त्यांची मुलगी पुण्यात. माझे यजमान गेल्यावर तर माझं एक जेवण साळव्यांकडेच असायचं.

त्या खोदकामाच्या धुळीमुळेच सगळा गोंधळ झाला. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर दादांना धाप लागायला लागली. जिना चढताना थांबायचे, रात्री दोन उशा लागायच्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं की धुळीचा दमा आहे, सध्या सगळ्यांनाच होतोय. तीन आठवडे ते तोंडात पंप मारत होते. धाप काही कमी होईना. शेवटी वहिनींनी त्यांना नोएडाच्या एका हृदयरोगतज्ज्ञाकडे जवळजवळ ओढतच नेलं, आणि फॉर्म भरायला, धावपळ करायला म्हणून मलाही बरोबर घेतलं. ते डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्याकडे वेळ होता, ही दोन्ही आश्चर्यं. ते म्हणाले, "साँस फूलना दो जगह से हो सकता है, फेफड़े से या दिल से. बाहर से दोनों एक जैसे दिखते हैं. एक ब्लड टेस्ट है, उससे पता चल जाएगा."

दादा खुर्चीत पुढे सरकले. आजाराची गोष्ट निघाली की माणसं मागे सरकतात, पण इथे मोजायची गोष्ट निघाली होती. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. हृदय रक्त ढकलायला कमी पडायला लागलं की आत दाब वाढतो, भिंतीला ताण बसतो, आणि ताणलेली भिंत एक द्रव्य रक्तात सोडते. ताण जितका जास्त, तितकं द्रव्य जास्त. ते फारच कमी निघालं तर धापेचं कारण बहुधा हृदय नव्हे, दुसरीकडे शोधायचं. भरपूर निघालं तर हृदयाकडे बोट जातं, मग सोनोग्राफीने खात्री करायची. दादांनी लगेच विचारलं, "और किस-किस चीज़ से बढ़ता है?" डॉक्टर हसले. वयाने वाढतं, मूत्रपिंड बिघडलं की वाढतं, आणि माणूस लठ्ठ असला तर असायला हवं त्याहून कमी दिसतं. म्हणून नुसत्या एका आकड्यावर जायचं नाही, माणूस समोर बसवून तो वाचायचा. दादा खूश झाले. परत येताना रिक्षात वहिनींना मराठीत समजावत होते, "रत्ना, हृदयाला काम झेपेनासं झालं की ते कुरकुर करतं, आणि ती कुरकुर रक्तात मोजता येते." वहिनी म्हणाल्या, "कुरकुर मोजायला रक्त कशाला लागतं? मला विचारायचं."

आकडा तीन हजारांच्या वर निघाला. हार्ट फेल्युअर. त्या शब्दाने मी हादरले, कारण मला वाटायचं की त्याचा अर्थ हृदय बंद पडणं. डॉक्टरांनी सांगितलं, तसं नाही, पंप कमजोर झालाय, गोळ्यांनी बरीच वर्षं नीट चालवता येतो. मीठ कमी, पाणी मोजून, लघवीची गोळी रोज. आणि दर महिन्याला हीच रक्ततपासणी, आकडा उतरतोय ना ते बघायला. दादांनी घरी येऊन आलेखाचा कागद काढला. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर आकडा. वर मथळा लिहिला, 'शां. सा. यांचा निर्देशांक'. पहिला ठिपका ऑक्टोबरचा, अगदी वर. नोव्हेंबरचा जरा खाली. डिसेंबरचा आणखी थोडा खाली, दोन हजारांच्या आसपास. घरी आलेल्या प्रत्येकाला तो कागद बघावा लागायचा. आमच्या दूधवाल्यालाही त्यांनी हिंदीतून समजावला होता.

ही तपासणी करणारी लॅब यमुनेपलीकडे, पार करोल बागेजवळ. डिसेंबरच्या थंडीत, खणलेल्या रस्त्यातून, दीड तास जा आणि दीड तास या. परत आले की दादा दोन तास अंथरुणावर पडून राहायचे आणि बोलायचेही नाहीत. वहिनींची तर त्या दिवशी जेवायची इच्छाच मरायची. नाताळानंतर आमच्या मार्केटात एक नवी लॅब उघडली. काचेचं दार, आत छान ऊब, घरी येऊन रक्त नेण्याची सोय. मी आत जाऊन विचारलं, हृदयाच्या कमजोरीची ती तपासणी होते का? काउंटरवरच्या मुलीने यादी बघितली आणि म्हणाली, "बिल्कुल होता है, आंटी." मी दादांना सांगितलं. ते जरा घुटमळले. "तेच दुकान बरं असतं गं," असं म्हणालेही. मी म्हटलं, "दादा, बास झालं आता तुमचं दुकान. स्वतःचे हाल बघा." वहिनींनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की दादांचं काही चाललं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक मल्याळी सिस्टर सकाळी सात वाजता घरी येऊन रक्त घेऊन गेली. दादा जागचे हललेही नाहीत.

संध्याकाळी निकाल आणायला मी गेले. पाकीट तिथेच उघडलं. पाचशे वीस. माझा विश्वास बसेना. मग मी तपासणीचं नाव वाचलं. जुन्या लॅबच्या कागदावर नावाच्या आधी आणखी काही अक्षरं असायची, ती इथे नव्हती. मला ते दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. नोकरीभर आकड्यांच्या डोक्यावरची नावं वाचण्यात घालवलेल्या बाईला ते दिसणारच. काउंटरवर विचारायला मी वळलेही होते. पण तिथे रांग होती, आणि मनात म्हटलं, ही माणसं नाव थोडक्यात लिहीत असतील... आणि तोवर माझ्या हातात फोन होता. "दादा, पाचशे वीस!" ते म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. मागून वहिनी "काय झालं? काय झालं?" विचारत होत्या आणि दादा त्यांना म्हणत होते, "रत्ना, चौथाई झाला!"

घरी गेले तेव्हा चौथा ठिपका पडला होता. पट्टीने रेघही ओढून झाली होती, तिसऱ्या ठिपक्यापासून चौथ्यापर्यंत घसरगुंडीसारखी सरळ खाली. कागद तपासायला म्हणून त्यांनी माझ्याकडून घेतला, चष्मा चढवला, आकडा पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. नाव वाचलं की नाही, मला कळलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे त्यांनी थंड डोक्याने वाचले. हा त्यांचा स्वतःचा होता. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी ती राहिलेली अक्षरं गिळून टाकली. वहिनींनी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पुरणपोळी केली.

त्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ होती. दादांनी फोन करून ती महिनाअखेरीस ढकलली. एवढा चांगला आकडा, उगाच त्यांना कशाला त्रास, असं म्हणाले. आणि चौदा जानेवारीला ते पानिपतला गेले. दिल्लीतली मराठी मंडळी दर संक्रांतीला तिथल्या 'काला अंब' या जागी जातात, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी नतमस्तक होतात. दादांनी वीसेक वर्षांत एकही खेप चुकवली नव्हती. कुणी गमतीने विचारलंच की साळवेसाहेब तुम्ही कसे, तर म्हणायचे, "नगरचा माणूस आहे मी. माझा कुणीतरी तिथे पडला असणारच." आणि भाषणात कुणी लाखाच्या गोष्टी करायला लागला की मागून पुटपुटायचे, "मोजली कुणी?" यंदा जाता येणार नाही असं डिसेंबरात ठरलं होतं. चौथ्या ठिपक्याने ते बदललं. बसचा प्रवास म्हणून त्यांनी सकाळची लघवीची गोळी टाळली. धुकं होतं, कडाक्याची थंडी होती. मी शेजारीच बसले होते. त्यांनी वाटेत धाब्यावर लोणच्यासकट दोन पराठे खाल्ले, गाणी म्हटली, कुणाच्या तरी नातवाला पानिपतची लढाई सबंध सांगितली. स्मारकापाशी मात्र नेहमीसारखे उभे राहिले नाहीत, कठड्यावर बसले. "थंडी आहे," म्हणाले. येताना त्यांचे बूट घट्ट झाले होते. बसून बसून पाय सुजतात, असं आम्ही दोघांनीही एकमेकांना सांगितलं.

महिनाअखेरीस त्यांना डॉक्टरांकडे नेलं ते व्हीलचेअरवरूनच. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, मान पाहिली, आणि मग मी चारही कागद पुढे ठेवले. त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी चौथा कागद बाजूला काढला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "साहब, ये दूसरा टेस्ट है." हृदय सोडतं त्या मूळ द्रव्याचे रक्तात दोन तुकडे होतात. करोल बागेची लॅब एक तुकडा मोजत होती, आमच्या मार्केटातली दुसरा. दोन्ही तपासण्या चांगल्या, दोन्ही खऱ्या, पण दोघींची मापं निराळी. एकीचे पाचशे आणि दुसरीचे दोन हजार यांची तुलनाच होत नाही. हा नवा आकडा त्याच्या स्वतःच्या मापाने भरपूर जास्त होता. तब्येत सुधारली नव्हती, बिघडत चालली होती.

दादांनी तिसरा आणि चौथा कागद शेजारी धरून वरची नावं वाचली. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक वर्षांनी मला ऑफिसातल्या नावाने हाक मारली. "कुलकर्णी मॅडम," ते म्हणाले, "आधारवर्ष बदललं होतं." आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला आणि तो थांबेचना. सिस्टर धावत आली. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

दहा दिवस ते हॉस्पिटलात होते. पाणी उतरलं, घरी आले, दोन आठवडे बरे वाटले, आणि मग ती मटारची सकाळ. मी डॉक्टरांना एकदा एकटीने जाऊन विचारलं होतं, तीन आठवडे आधी आलो असतो तर? "कह नहीं सकते, आंटी. शायद हाँ, शायद नहीं." इतक्या प्रामाणिक उत्तराचा मला राग आला. हो म्हणाले असते तरी चाललं असतं.

परवा रविवारी, दुपारी, मी शेवटी वहिनींकडे बोलायला गेले. त्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. ती राहिलेली अक्षरं, काउंटरवरची रांग, मी वळून परत फिरले ते. "मला दिसलं होतं, वहिनी. मी बोलले नाही." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. चिडतील, रडतील, निदान 'जाऊ दे' तरी म्हणतील, यातल्या प्रत्येकाची मी तयारी करून आले होते. त्यांनी हात धुतले आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. दारामागे चर्चचं कॅलेंडर टांगलेलं होतं. इतकी वर्षं त्या घरात जेवले, पण दारामागे कधी बघितलं नव्हतं.

प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलने बारीक आकडा होता. "रोज सकाळी साडेसहाला ते काट्यावर उभे राहायचे आणि मी लिहायचे," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं हे काम. अंगात पाणी साचतं ते आधी वजनात दिसतं म्हणाले. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा." त्यांनी जानेवारीचं पान काढलं. पाच तारखेला अडुसष्ट. आठला साडेअडुसष्ट. बाराला एकोणसत्तर. चौदाचा चौकोन रिकामा. पंधराला सत्तर. मग एकाहत्तर, मग बहात्तर.

"दोन दिवसांत दोन किलो कधी झालंच नाही गं," त्या म्हणाल्या. "अर्धा, अर्धा... फार तर एक. मी रोज लिहीत होते. दिसत होतं मला. पण तुझा आकडा आला होता ना, आणि ते इतके खूश होते. म्हटलं, पुरणपोळीचं असेल. पानिपतच्या पराठ्यांचं असेल." त्यांनी पान सोडून दिलं. "आता तू मला विचार, की वहिनी तुम्ही का नाही बोललात?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मग वहिनींनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "त्यांच्यावर लिहिणार आहेस ना? सगळं लिही. पण पानिपतहून ते कसे आले होते, तेही लिही. दारातूनच ओरडत आले होते, रत्ना, यंदाचं भाषण बरं होतं म्हणून." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर रडल्या. मीही रडले. बरं वाटलं असं म्हणवत नाही, पण सात आठवडे एकटीने ओढलेलं आता दोघींच्या हातात होतं.

त्या ताटं घ्यायला वळल्या तेव्हा मी कॅलेंडरची पानं सरळ करत होते. फेब्रुवारीत दादांचे आकडे संपले होते. मार्चमध्ये मात्र पुन्हा आकडे होते. एकोणपन्नास. साडेअठ्ठेचाळीस. एप्रिलमध्ये त्या दिवशीच्या चौकोनात पंचेचाळीस.

"हे कुणाचं, वहिनी?"

"माझं," त्या ताट पुसत म्हणाल्या. "साडेसहाला पेन्सिल हातात येते गं आपोआप. काहीतरी लिहावं लागतं ना."

"चार किलो उतरलंय."

"वय झालं की उतरतंच. चल, बस जेवायला."

त्यांच्या ताटात अर्धी भाकरी होती. तीही त्यांनी मला दाखवायला म्हणून वाढून घेतली होती, हे मला दिसत होतं. "दीड महिन्यात चार किलो," मी म्हटलं. "वयाने असं उतरत नाही. उद्या दहाला तयार राहा, आपण डॉक्टरांकडे जातोय."

"उगाच काय तरी मंगल, त्यांना कशाला त्रास..."

"वहिनी, मी आकडा वाचलाय. या वेळी मी गप्प बसणार नाही."

मग त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली, स्वतःच्या वाटीतही थोडी घेतली आणि खाली बसल्या.

"साडेदहाला ये," त्या म्हणाल्या. "दहाला पाणी येतं."

मी सव्वादहालाच गेले.